पेटीतली हिरवी साडी

हिवरखेडच्या स्टँडवर अकोल्याची बस लागली, तेव्हा आईने मुगवड्यांची पिशवी खिडकीतून आत दिली. शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "गाठच तं आहे. काढली का घेऊन या पोरीले." माझी मुलगी सई तेव्हा सात वर्षांची होती. आम्ही पुण्याला निघालो होतो.

गाठ ओटीपोटात होती. ती काढल्यावर किरणांचे उपचार लागणार होते. डॉक्टरांनी त्याआधी आणखी एक शस्त्रक्रिया सुचवली: एक अंडाशय किरणांच्या वाटेतून वर सरकवायचं, म्हणजे पुढे मूल होण्याची शक्यता राहील. मी अकोल्यात वार्ताहर होते. सवयीने विचारलं, किती टक्के? आकडा देता येत नाही, ते म्हणाले. वयात आल्यावर कळेल. मी आणि नवऱ्याने सही केली. घरी कळवलं नाही. गावात अशी गोष्ट मुलीच्या लग्नापर्यंत पुरते.

तपासण्यांसाठी पुण्यात राहिलो, ते राहिलोच. सई आता चौदाची आहे. गाठ परतलेली नाही. फोनवर आजी तिला चिडवते, "काय पुण्याची बाई, मले वळखते का नाही?" मग फोन माझ्याकडे येतो.

"शहाणी झाली का पोरगी?"

आमच्याकडे मुलीला पहिलं न्हाण आलं की मामा साडी आणतो, आजी ओटी भरते. माझ्या भावाने साडी दोन वर्षांपूर्वीच घेतली. हिरवी. घडीवर विरू नये म्हणून आई अधूनमधून घडी बदलून ती पेटीत ठेवते.

गेल्या महिन्यात अहवाल आला. वर सरकवलेलं अंडाशय काम करत नाही. गोळ्यांनी वर्ष-दोन वर्षांत पाळी येईल, मूल मात्र तिच्या बीजाचं होणार नाही. डॉक्टर हे सांगत होते तेव्हा सई समोरच बसली होती. रिक्षात तिने एवढंच विचारलं, "आणि आजीची साडी?"

रविवारी आईने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "डॉक्टर म्हणतात, येईल." वाक्य खरं होतं. बातमीत चाललं असतं.

"मंग कावून तोंड पाडून बोलून राहिली?" आई म्हणाली.

तो दिवस आला की हिवरखेडला जावं लागेल. आई सईच्या ओटीत तांदूळ, नारळ घालेल आणि देवाकडे तिच्यासाठी लेकरं मागेल. सई पाटावर पदर धरून बसेल. घर म्हणजे आता तो पाट, जिथे आम्हा दोघींना गप्प राहायचं आहे.