तारीखबाईंच्या हातून पडलेला ‘ण’

मुलांच्या दवाखान्यात शिरून डावीकडे वळलं की एक काचेची खिडकी लागते. काचेला खाली अर्धगोल भोक, आणि भोकापलीकडे तारीखबाई. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर असेलच, पण त्या एका कागदापलीकडे ते कुणाच्या तोंडी नाही. डॉक्टर ‘पंधरा दिवसांनी दाखवा’ म्हणाले की बाई त्या गच्च भरलेल्या दिवसातून नेमकी एक रिकामी जागा हुडकून काढणार, चिठ्ठीवर तारीख घालणार आणि भोकातून बाहेर सरकवणार. एकोणीस वर्षं हेच. जगाला तारखा वाटणाऱ्या या बाईंना स्वतःच्या लग्नाच्या तारखेची मात्र दरवर्षी नवऱ्याने आठवण करून द्यावी लागते. आता याला काय म्हणायचं!

बाईंना एक खोड होती. तंद्री लागायची. सासूबाई आल्यागेल्याला कौतुकाने सांगत, “आमची सूनबाई बसल्या जागेवरून लांब फिरून येते. दूध उतू जाऊन शेगडी विझली, की परत.” बाई हसून घ्यायच्या. खोटं कुठे होतं?

दवाखान्यात तंद्रीची वेळ ठरलेली, दुपारी दोननंतरची. गर्दी ओसरलेली असायची. पंखा आपल्याच नादात घरघरत असायचा आणि फरशीवरचा उन्हाचा चौकोन इतका हळू सरकायचा की जणू त्यालाही पुढची तारीख मिळालेली. त्या वेळी बाई दिवसभरात न आलेल्या मुलांची नावं एकदा मोठ्याने पुकारायच्या. तसा नियमच होता. रिकाम्या बाकांवरून अर्थातच कुणी ‘ओ’ देत नसे. मग शेऱ्याच्या रकान्यात लिहायचं, ‘आला नाही’ किंवा ‘आली नाही’. ओळीने तीनदा असं लिहिलं गेलं की फाइल बंद आणि जागा दुसऱ्याला. साधा, सरळ, बिनडोक नियम.

पण पुकारलेलं नाव जातं कुठे? बाईंना वाटायचं, कुठेतरी असाच आणखी एक हॉल असणार, न आलेल्या मुलांचा. तंद्रीत त्या तिथे जाऊनही यायच्या. तिथलं ऊन पाण्यातून आल्यासारखं हलायचं. भिंती असून नसल्यासारख्या. मुलं ओळीने बाकांवर बसलेली. कुणाचे मोजे उलटे, कुणाच्या कानात कापूस. बाई त्यांच्यामधून फिरायच्या, एखाद्याच्या केसांवरून हात फिरवायच्या. कुणीही रडत नसे, कुणी तक्रार करत नसे. जागं झाल्यावर याच गोष्टीने त्यांना जरा अस्वस्थ वाटायचं. एवढी शहाणी मुलं बाईंनी उघड्या डोळ्यांनी कधी पाहिली नव्हती.

त्यातच वेणीवाली होती. सात वर्षांची. तिला फिट यायच्या, आणि फिट थांबवणारं गोड गुलाबी औषध तिला रोज दोन वेळा लागायचं. बाटली महिनाभर पुरायची. बाटली संपायच्या आत पुढची तारीख. शेवटची आली तेव्हा तिची एक वेणी कानापाशी आणि दुसरी पार मानेवर होती. आई शेजारी उभी होती, पण नुसती उभी. चिठ्ठी पोरीनेच घेतली, वाचली, नीट चार घड्या घालून खिशात ठेवली. बाईंना गंमत वाटली होती.

पुढच्या तारखेला वेणीवाली आली नाही. दवाखान्याने आईच्या फोनवर पंधरा दिवसांनंतरची तारीख कळवली. तेव्हाही नाही. आणखी पंधरा दिवस. आज तिसरी वेळ होती.

बाईंनी नाव पुकारलं. पंखा घरघरला. पेन रकान्यावर टेकवलं आणि बाई गेल्या निघून त्या दुसऱ्या हॉलमध्ये.

वेणीवाली पहिल्याच बाकावर बसली होती. बाईंनी विचारलं, “काय ग, तीन तीन तारखा देऊनही येत नाहीस?” पोरगी आपल्या पायांकडे बघत होती. बाईंनीही बघितलं. पाय जमिनीला टेकत नव्हते. बाकाच्या कडेवरून दोन चपला अधांतरी लोंबत होत्या आणि हळूहळू हलत होत्या. वेण्या तशाच, एक वर, एक खाली. आणि तंद्रीतच बाईंना प्रश्न पडला. कुठली आई अशा वेण्या घालते? या वेण्या पोरीने स्वतःच्या स्वतः घातल्यात.

फोन वाजला आणि बाई खुर्चीत परतल्या. रजिस्टरवर नजर गेली. पेनाने मालकिणीची वाट न बघता आपलं काम उरकलं होतं. फक्त एक अक्षर जास्तीचं पडलं होतं. ‘आणली नाही.’

बाईंनी खोडायला पेन उचललं आणि त्या ते तसंच हातात धरून बसून राहिल्या. सात वर्षांचं मूल दवाखान्यात येत नसतं, ते आणलं जातं. एकोणीस वर्षांत हे सुचू नये? सुचलं, तेही झोपेत!

संध्याकाळी बंद करायच्या फाइलींची यादी हेडक्लार्क साहेबांकडे गेली. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “हा कुठला नवा शेरा? आणली नाही? मूल म्हणजे काय भाजी आहे?”

“भाजी नाही, म्हणूनच म्हणते,” बाई म्हणाल्या. “भाजी आणायची राहिली तर भाजीचं काही बिघडत नाही. साहेब, ही फाइल बंद नका करू. समोर कळवू या.”

समोर म्हणजे बालसुरक्षा कार्यालय. मधे एक अंगण, बस्स. इथल्या खिडकीतून तिथलं कॅलेंडर वाचता यावं इतकं जवळ. पण इतक्या वर्षांत दोन्ही कार्यालयांत जो काही पत्रव्यवहार झाला, तो अंगणात स्कूटर कुणी लावायच्या यावरून.

“पेशंटची माहिती बाहेर जात नाही,” साहेबांनी टेबलाच्या काचेवर बोट आपटलं. काचेखाली परिपत्रक होतं. “गुप्तता. वाचा.”

बाईंनी वाचलं. परिपत्रकाच्या खालच्या अर्ध्या भागावर साहेबांचा चष्म्याचा डबा कायमचा ठाण मांडून होता. बाईंनी तो अलगद बाजूला केला. खाली लिहिलं होतं की मुलाच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका वाटत असेल, तर गरजेपुरती माहिती संबंधित कार्यालयाला कळवावी, विनाविलंब. साहेबांनी डबा उघडला, चष्मा काढला, पुन्हा वाचलं. मग म्हणाले, “मोठ्या डॉक्टरबाईंची सही आणा. मी अडवणार नाही.”

मोठ्या डॉक्टरबाईंनी पत्र उभ्याउभ्याच लिहिलं. मुलीला कोणता आजार, औषध किती दिवसांत संपलं असणार, ते थांबलं तर काय होऊ शकतं. तेवढंच, त्यापलीकडे एक ओळ नाही. “गुप्तता पोरीला जपायला आहे, पोरीला विसरायला नाही,” त्या म्हणाल्या. “पळा.”

बाई अंगण ओलांडून पळाल्या. धावण्याची सवय कधीच गेलेली. दारात पोचेपर्यंत धाप लागली. समोरच्या टेबलावर दंडात हेल्मेट अडकवलेली एक तरुण ताई दिवस आवरत होती. घरोघर भेटी द्यायचं काम तिचं. अख्खं कार्यालय तिला हेल्मेटताई म्हणायचं. तिने पत्र वाचलं, आणि कपाट उघडून एक फाइल काढली.

“ही माझ्याकडे आहे,” ती हळूच म्हणाली. “शेजाऱ्यांनी कळवलं होतं, मूल शाळेत दिसत नाही, आई दार उघडत नाही. मी स्वतः जाऊन आले, महिना होऊन गेला. आई म्हणाली, दवाखाना चालू आहे. फळीवर औषधाची बाटली होती, गुलाबी. मी लिहिलं, आरोग्यसेवेचं लक्ष आहे, तूर्त काळजीचं कारण नाही.”

बाईंनी दवाखान्याची फाइल छातीशी धरली होती. तिच्यातही दुसऱ्या चुकलेल्या तारखेला नर्सने पेन्सिलीने लिहिलेली एक ओळ होती, ती बाईंनी वाचून दाखवली: आई फोनवर म्हणाली, बालसुरक्षावाले घरी येऊन गेले, त्यांचं लक्ष आहे.

“म्हणजे तुम्ही आमच्या भरवशावर आणि आम्ही तुमच्या,” हेल्मेटताई म्हणाली.

“आणि पोरगी बाटलीच्या,” बाई म्हणाल्या.

दोघींनाही शरमेने खाली बघावंसं वाटलं. पण तेवढा वेळ नव्हता. हेल्मेटताईने हेल्मेट डोक्यावर चढवलं, दवाखान्यातली एक नर्स नव्या बाटलीसकट मागे बसवली आणि स्कूटर अंगणातून गेली. ती नेमकी कुणाच्या जागेत लावलेली होती, हे त्या दिवशी कुणीही बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी हेल्मेटताई खिडकीपाशी येऊन सांगून गेली. त्या घरात मारझोड नव्हती, दारू नव्हती, कुणी राक्षस नव्हता. आई भिंतीकडे तोंड करून अंथरुणात पडून होती, कित्येक आठवडे. मनाचं दुखणं. चहा पोरगी करायची, बिस्किटं पोरगी आणायची. औषध संपू नये म्हणून ती अर्धाच चमचा घ्यायची, आणि बाटली रिकामी दिसायला लागल्यावर तिने तिच्यात पाणी घातलं होतं. गेल्याच आठवड्यात एक फिट येऊन गेली होती. जीभ चावली गेली होती. तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण आईला त्रास झाला असता. आता आईला उपचारांसाठी दाखल केलं होतं आणि पोरगी आत्याकडे होती. औषध चालू झालं होतं.

बाई ऐकत होत्या आणि त्यांना वाटत होतं, आपण हे आधीच पाहिलंय, त्या हलत्या उन्हात. पाहूनही किती वर्षं नुसते केस कुरवाळून परत येत राहिलो. त्यांना रडू फुटलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. रांगेतल्या पहिल्या बापाने मान वळवली आणि दुसरीकडे बघत उभा राहिला.

त्या आठवड्यात बाईंनी जुनी रजिस्टरं खाली काढली आणि मोठ्या डॉक्टरबाईंच्या परवानगीने एकेक ‘आली नाही’ पुन्हा वाचायला घेतलं. बहुतेक मुलं बरी होती, गाव बदलून गेली होती. चौघांची नावं मात्र मोठ्या डॉक्टरबाईंनी पत्राने अंगणापलीकडे पाठवली.

सोमवारी वेणीवाली आत्याबरोबर आली. आत्या कागद शोधत राहिली तोवर पोरगी टाचा उंचावून भोकापाशी आली. बाई काही बोलणार, त्याआधीच तिने सगळं धडधडा सांगून टाकलं. हे वाक्य तिने घरी पाठ केलं असणार.

“बाई, रागावू नका. माझ्या तीन तारखा चुकल्या. मी तिन्ही दिवशी तयार होऊन बसले होते. पण मोठा रस्ता मला एकटीला ओलांडता येत नाही.”

बाई उठल्या, दार उघडून बाहेर आल्या, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या आणि म्हणाल्या, “तू नाही चुकलीस ग. आम्ही चुकलो.”

पोरीने जरा वेळ त्यांच्या तोंडाकडे बघितलं. खरं बोलतायत की मोठी माणसं बोलतात तसं, हे ती जोखत असावी. मग तिने विचारलं, “मग आईला सांगाल? तिला वाटतं, तिच्यामुळे झालं.”