आबांच्या ओंजळीतलं पाणी

भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की मला आधी हसू येतं. अंबाजोगाईत एका लॅबमध्ये थुंकी-लघवीचे नमुने तपासण्यात माझी हयात गेली. मला भीती नाही आणि किळस तर मुळीच नाही... असं मी सगळ्यांना ठणकावून सांगायचे. त्या दुपारपर्यंत.

आमचं गाव चौसाळ्याहून आत, डोंगराच्या अंगाला. गावात निजामाच्या काळातली दगडी शाळा आहे — एकच खोली, एक दार, दोन खिडक्या. सोसायटीच्या चेअरमनने ती दुरुस्त करून जुन्या वस्तूंसकट जपायला घेतली. फळा, मास्तरांची खुर्ची, कोपऱ्यात रांजण. आणि उद्घाटन काढलं ते नेमकं दुष्काळात! खालच्या आळीतल्या बायका टँकरची वाट बघत घागरी मांडून बसलेल्या, आणि इकडं शाळेपुढच्या हिरवळीत पाइप सोडलेला. लॉन म्हणे. शी! बघूनच डोकं फिरलं माझं.

माझे वडील, आबा, त्या शाळेचे हयात असलेले सगळ्यात जुने विद्यार्थी, म्हणून त्यांचा सत्कार होता. विद्यार्थी कसले, ओसरीवरचे! आमच्या आळीतल्या पोरांना आत बसू देत नसत, रांजणाला हात लावू देत नसत. तहान लागली की ओंजळ धरायची, कुणीतरी वरून पाणी ओतायचं. तेही कुणाला वेळ असला तर.

मी म्हटलं, "आबा, कशापायी जायचं तिथं?"

"एकदा आपल्या हातानं त्या रांजणात तांब्या बुडवायचाय, माय," आबा म्हणाले. "शाल बिल मला न्हाई पायजे."

सत्कार झाला. आबा रांजणाकडं निघाले, तेवढ्यात चेअरमनला सुचलं — "आबा, थांबा! तुमच्या वेळी कसं पाणी द्यायचे, तसा एक फोटो होऊन जाऊ द्या. तुमी ओंजळ धरा, मी ओततो. जुनी आठवण!"

लोक हसले. टाळ्यासुद्धा वाजल्या! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पुढं होईस्तोवर आबा उकिडवे बसलेही होते. "जी, मालक," म्हणाले. ऐंशी पार केलेल्या माणसाची पाठ आपसूक वाकली हो.

चेअरमनने तांब्या बुडवला, वरून धार सोडली. फोटोवाल्याने बटण दाबलं. आणि वास सुटला.

कसं सांगू... विहिरीत जनावर मरून कुजावं तसा. पाणी काळपट, चिकट, पाकासारखं तार धरून खाली आलं आणि आबांच्या ओंजळीत साचलं. मला तिथंच कोरडी ओकारी आली. फोटोवाला नाक दाबून बाहेर पळाला.

"कुठलं पाणी भरलं बे?" चेअरमन शिपायावर खेकसला.

"साहेब, सकाळी तुमच्यापुढंच जार ओतले की!" शिपाई काकुळतीला आला.

आबांनी ओंजळ सोडली, हात धोतराला पुसले आणि उठले. चेअरमनच्या हातातून तांब्या घेतला — मागितला नाही, घेतला. मनगटापर्यंत हात आत घालून रांजणात बुडवला.

"आबा, पिऊ नका!" मी ओरडले.

ते घटाघटा प्याले. मग तांब्या माझ्यापुढं धरला. "घे. लई गार हाय."

पाणी स्वच्छ होतं. मीही प्याले. चेअरमनने घाईघाईने तोच तांब्या परत बुडवून ओतून बघितला, तर पुन्हा तीच घाण, त्याच्याच पांढऱ्या बुटांवर.

रांजणातलं पाणी मी बाटलीत भरून लॅबमध्ये नेलं. साधं पिण्याचं पाणी निघालं. कुणी म्हणतं तांब्यात काहीतरी असेल. अहो, पण तांब्या तर एकच होता ना?

आबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारपणातसुद्धा भेटायला येईल त्याला सांगायचे, "बुडवला बरं का मी तांब्या."

परवा गावी गेले, तर शाळेत तो फोटो मोठा करून लावलाय. चेअरमन हसतोय, आबा वाकलेत, आणि दोघांच्या मधली धार अगदी नितळ. खाली लिहिलंय — 'जुन्या आठवणींना उजाळा'. आबांनी स्वतः तांब्या बुडवला, त्याचा फोटो कुणी काढलाच नव्हता.

त्या दिवशी पाण्याला काय झालं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण त्या फोटोपुढं उभी राहिले आणि तोच वास पुन्हा आला... बाहेर येऊन मी त्यांच्या लॉनवर ओकले.