बायजाबाईला नापास कोणी केलं

पुष्पलता सिस्टर चिडल्या की चष्मा काढतात. मिशनच्या दवाखान्यात चौतीस वर्षं नर्स म्हणून काढली, तेव्हाची ही सवय. चष्मा हातात आला की समोर मोठा डॉक्टर असो नाहीतर वॉर्डबॉय, त्यानं गुमान बाजूला व्हावं. त्या दिवशी, मे महिन्याच्या कडक उन्हात, सदर भागातल्या देवळाच्या ऑफिसात त्या शिरल्या तेव्हा चष्मा आधीच मुठीत होता.

देऊळ म्हणजे ख्रिस्ती देऊळ. आमच्याकडची जुनी ख्रिस्ती माणसं चर्च म्हणत नाहीत, देऊळच म्हणतात. आत टेबलामागे रजत पाळक बसला होता. पस्तिशीचा, अभ्यासू, या देवळात धर्मगुरू म्हणून येऊन वर्षच झालेला. बाजूच्या खुर्चीत, देवळाचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळातले नानाजी. कबरस्थानाच्या फाटकाची किल्ली बावीस वर्षं त्यांच्याच खिशात असते.

"काहून गा रजत?" सिस्टर दारातूनच कडाडल्या. "बायजाबाई सकाळपासून बर्फावर पडून राहिली. लाद्यांचं पाणी होऊन राहिलं. अन् तू फोनवर सांगतो, फाटक उघडणार नाही?"

"टीचर, बसा ना. पाणी घ्या."

"पाणी गेलं खड्ड्यात! उघडतो का नाही ते सांग."

रजत लहानपणी त्यांच्या संडे स्कूलात होता, म्हणून तो अजून टीचर म्हणायचा. खाली मान घालून म्हणाला, "बायजाबाईंचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. कबरस्थान मंडळीच्या सभासदांसाठी आहे. नियम मी नाही केला."

सिस्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नियम! बायजाबाईला नियम!

ही बायजाबाई कोण, ते सांगायलाच हवं. मूळची कन्हानची. पंचविशीत नवरा गेला, मूलबाळ नाही. मिशनच्या दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात आया म्हणून लागली. वॉर्ड म्हटला की कधीकधी मेलेलं मूल जन्माला यायचं. आई शुद्धीवर नसायची, बाप व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभा असायचा, आणि घरचं कोणीतरी नर्सला हळूच म्हणायचं, तुम्हीच पाहा ना काय करायचं ते. ते पाहायची बायजाबाई. स्वतःच्या धुतलेल्या लुगड्याचा तुकडा फाडायची, पोराला अंघोळ घालायची, गुंडाळायची, आणि दवाखान्यामागच्या, देवळाच्याच कबरस्थानाच्या कोपऱ्यात फावड्यानं खड्डा करून ठेवायची. वर खूण म्हणून छपराचा एक कवेलू. हिंदूचं पोर, मुसलमानाचं, ख्रिस्त्याचं, तिनं कधी विचारलं नाही. हे काम तिला कोणी सांगितलं नव्हतं. "नऊ महिने कोणाच्या तरी पोटात होतं वं सिस्टर," ती म्हणायची, "फेकू कसं?"

तीस वर्षं. दवाखाना बंद पडला तरी दर रविवारी ती देवळात यायची आणि शेवटच्या बाकावर बसायची. मागणं एकच होतं, "मले त्या कोपऱ्यात ठेवजा, माह्या लेकरांपाशी." त्या दिवशी पहाटे ती गेली. कन्हानचा भाचा फोनवर म्हणाला, आत्याची इच्छा तशीच होती, तुम्हीच करा.

"त्या पोरांचा कोणता बाप्तिस्मा झाला होता गा?" सिस्टरांनी टेबलावर हात आपटला. "ती चालतात, अन् त्यांले नेणारी चालत नाही?"

रजत गोरामोरा झाला. पण तोही आपल्या मताचा पक्का. "टीचर, बायजाबाई फार चांगल्या होत्या, मी नाही म्हणत नाही. पण चांगल्या कामांनी तारण होत असतं तर प्रभूला वधस्तंभावर जायची गरज काय होती? हे मला तुम्हीच शिकवलं. ह्या भिंतीपलीकडच्या खोलीत."

शिकवलं होतं. खोटं कसं म्हणणार? बेचाळीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलं होतं, माणूस तरतो तो कर्मानं नाही, विश्वासानं. आणि सिस्टरांचा स्वतःचा त्यावर जीव होता. आपल्या कामांच्या हिशेबावर स्वर्ग मिळणार असता तर आपल्याला दारात कोणी उभं केलं नसतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? पण म्हणून ह्या पोरानं ते शिकवलेलं उचलून बायजाबाईच्या तोंडावर मारावं?

"अन् नियमाचंही सांगतो," रजतनं कपाटातून जुनं रजिस्टर काढलं. "दोन हजार तेरा साली त्या बाप्तिस्म्याच्या वर्गाला बसल्या होत्या. हे पाहा."

सिस्टरांनी चष्मा लावला. निळ्या शाईत तिरपं अक्षर. तुळसाबाई, तयार. गोविंदा, तयार. आणि खाली, 'बायजाबाई, तयार नाही. तारण कर्माने होते असे म्हणते.' अक्षर त्यांचंच होतं.

त्या खुर्चीत बसल्या. सगळं आठवलं. शेवटचा प्रश्न ठरलेला होता, तुझं तारण कशानं होईल? उत्तरही ठरलेलं, येशूवरच्या विश्वासानं. गोविंदानं पोपटासारखं म्हटलं, बाप्तिस्म्याचं पाणी घालून घेतलं, आणि त्यानंतर तो देवळाकडे फिरकलाही नाही. बायजाबाईनं मात्र डोकं खाजवलं, विचार केला. "मी त्या लेकरांले उघड्यावर नाही टाकलं वं सिस्टर. देव पाह्यत असंल ना?" चुकलं. सिस्टरांनी लिहून टाकलं. दारात बायजाबाईनं पदराशी चाळा करत विचारलं होतं, "मंग मी कुठं जाईन?" आणि आपण काय म्हणालो? पुढच्या वर्षी पाहू. पुढच्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मग राहूनच गेलं. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

आता राग कोणावर काढायचा? रजतवर? त्यानं तर नुसतं वाचून दाखवलं.

"हो, मीच लिहिलं," सिस्टर म्हणाल्या. "मूर्ख बाई मी! ऐक रजत. मी एकदा तिच्यामागं त्या कोपऱ्यात गेली होती. माती लोटून झाल्यावर ती हात जोडून म्हणाली, 'येशूबाबा, याले तुह्या मांडीवर घे, याची माय अजून उठली नाही.' प्रत्येक लेकराले हेच. तीस वर्षं. त्याच्या भरवशावर लेकरं ठेवून येत होती ती! हा विश्वास नाही तर काय आहे गा? मी कानानं ऐकलं, अन् वर्गात तिले चार शब्द पाठ नाहीत म्हणून नापास केलं. मले कामं दिसली, त्याच्याखालचा विश्वास दिसला नाही. आता तू तरी आंधळा होऊ नको."

एवढ्यात नानाजी उठले. इतका वेळ हा माणूस भिंतीकडेच पाहत होता.

"एकोणनव्वद साली आमचं पहिलं लेकरू तिनंच नेलं," ते म्हणाले. "मी व्हरांड्यात उभा होतो. मागं गेलो नाही, हिंमतच झाली नाही. किल्ली खिशात घेऊन बावीस वर्षं त्या फाटकातून ये-जा केली. कोणत्या कवेलूखाली आहे ते तिलेच माहीत होतं. उद्या विचारू, उद्या विचारू करत राहिलो." त्यांनी किल्ली काढून टेबलावर ठेवली नाही, हातातच घट्ट धरली. "मी फाटक उघडून राहिलो, पाळक. मंडळीनं मले काढलं तरी चालेल."

ते निघाले. सिस्टर निघाल्या. रजतनं रजिस्टर मिटलं आणि तो प्रार्थनेचं पुस्तक घेऊन उन्हात त्यांच्यामागून चालू लागला.

दोन वाजता कोपऱ्यात खड्डा तयार झाला. आजूबाजूला कवेलूच कवेलू, काही फुटलेले, काही मातीत अर्धे गेलेले. नानाजी एकेकाजवळ वाकत होते आणि पुढे सरकत होते. बायजाबाईला खाली ठेवलं. रजतनं पुस्तक उघडलं, 'आमची ही' एवढं म्हणून अडखळला. पुढचा शब्द मंडळीतल्या माणसासाठीच म्हणतात.

"म्हण," सिस्टर म्हणाल्या.

"आमची ही बहीण," रजत म्हणाला, आणि पुढचं सगळं न थांबता वाचलं.

मग माती लोटायची वेळ आली. सिस्टरांनी मूठ भरली, चष्मा काढला, आणि खड्ड्यात वाकून, वॉर्डात आवाज द्यायच्या तशा सगळ्यांना ऐकू जाईल अशा ओरडल्या, "बायजे, तिथं त्यानं विचारलं ना, तुले नापास कोणं केलं, तर माह्यं नाव सांगजो. पुष्पलता सिस्टर म्हणून सांगजो. भिऊ नको वं."