कपाळावरच्या खुणा

विभूतीचा गंध कोरडा असतो आणि स्पिरिटचा थंड. त्या सकाळी रुग्णालयाच्या खोलीत दोन्ही एकमेकांत मिसळले होते, आणि खिडकीतून आलेलं सोलापूरचं चैत्रातलं ऊन पलंगाच्या लोखंडी दांडीवर आत्ताच तापू लागलं होतं. मला त्यातल्या कशाचंच काही वाटत नव्हतं. दात काढल्यावर गाल होतो तशी मी आतून बधिर झाले होते.

ह्यांच्या मेंदूत, डावीकडे, वाचेच्या जागेला खेटून गाठ होती. भुसाराच्या दुकानात दिवसभर अखंड बोलणारा हा माणूस. अव्वाशी, म्हणजे आईशी, आणि अक्कलकोटकडच्या गिऱ्हाइकांशी कन्नडमध्ये, माझ्याशी मराठीत, कारण मी माढ्याची आणि मला कन्नड धड येत नाही. "गाठ काढता येईल, बोलणं वाचवणं अवघड," डॉक्टर म्हणाले होते. मग त्यांनी पडद्यावर तो करडा मेंदू फिरवून दाखवला. कपाळावर आणि डोक्यावर गोल टिकल्या चिकटवून स्कॅन काढायचा, शस्त्रक्रियेच्या वेळी त्याच टिकल्यांना सळई टेकवून चित्राचा आणि माणसाचा मेळ घालायचा. मग हातातलं हत्यार मेंदूत नेमकं कुठं पोचलंय ते पडद्यावर दिसत राहतं. टिकली मात्र जराही हलता कामा नये. मी मान डोलावली. सासूबाईंना हे सांगायचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी डॉक्टरांनी ह्यांचं कपाळ निरखलं आणि स्ट्रेचर थांबवलं. एका टिकलीभोवती शाईनं आखलेलं वर्तुळ पुसलेलं होतं. टिकली होती, पण थोडी बाजूला, आणि तिच्याखालून विभूतीची पांढरी रेघ डोकावत होती.

"ही कुणी काढली होती?"

"मी काढली की," सासूबाई म्हणाल्या. "पट्टे वडायला आडवी येत हुती. परत नीट लावली बी. रिकाम्या कपाळानं पोराला कसं धाडू?"

"अहो आजी! पडद्यावर गाठ एकीकडं दिसली असती आणि माझा हात गेला असता भलतीकडं!"

सासूबाई बाकावर बसल्या आणि बोटांवरची विभूती पदराला पुसू लागल्या. मला राग यायला हवा होता. तोही आला नाही. हेच स्ट्रेचरवरून माझ्याकडे बघून हसले, "घे! अव्वानं मला परत फोटो काढायला धाडलं." नव्या टिकल्या आल्या, नवा स्कॅन झाला. डॉक्टर सासूबाईंजवळ वाकून म्हणाले, "विभूती दंडाला लावा, आजी. कपाळ आज माझं."

दार बंद झालं. बाकावरचं ऊन सरकत सरकत माझ्या पायांवरून गेलं, चहा समोर आला आणि निवला, आणि संध्याकाळी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की गाठ निघाली, वाचेच्या जागेला धक्का न लावता.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी डोळे उघडले. "अव्वा, नीर," म्हणाले. पाणी मागितलं! सासूबाई हमसाहमशी रडल्या. मग ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओठ हलले, पुन्हा हलले, शब्द आला नाही. "सूज आहे. एक भाषा आधी येते कधी कधी," डॉक्टर म्हणाले, "दुसरीची वाट बघायची." किती, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मी चमचा पुढे धरला. "नीर बेकेन?" मी विचारलं, पाणी हवं का, इतकंच. माझं मोडकं कन्नड कानावर पडलं की हे पोट धरून हसायचे, चारचौघांतसुद्धा. आज त्यांनी फक्त मान डोलावली आणि तोंड उघडलं. हसले नाहीत. आणि मग मला भीती वाटली, एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच.