डब्यावर कोरलेलं बक्षीस

माळा आवरताना स्टीलचा डबा हाती लागला, त्यावर कोरलंय ‘गणेशोत्सव, कथास्पर्धा, प्रथम’, आणि मला आमच्या भाईंदरच्या सोसायटीतले परीक्षक काका आठवले, ज्यांनी जन्मात पाणीकपातीच्या नोटिशीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. माझ्या कथेतली मुलगी स्वतःच सगळं सांगते. ती उद्धट आहे, खोटं बोलते आणि कुणाच्याही घरी गेली की आधी दारातल्या चपला बघते, कारण तिच्या स्वतःच्या दारात बापाच्या चपला जोडीने ठेवलेल्या असल्या तर तो शुद्धीत असतो, आणि एक जरी उलटी पडलेली असली तर ती बेल न वाजवता जिना उतरते. काकांनी पानं उलटत फर्मावलं, "चपलांनी कोणी बिघडतं का गं? आईबापाला अपघातात मार, लोक रडले पाहिजेत!" मीही कसली लाचार, डब्यासाठी चपला खोडल्या आणि दोघांना वरसावे पुलावर कंटेनरखाली घातलं. मांडवात कथा वाचली तेव्हा बायकांनी डोळ्यांना पदर लावले, आणि पुढच्या रांगेतून सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत माझे बाबा ओरडले, "पोरगी कुणाची आहे!" मांडवाबाहेरच्या चपलांच्या ढिगात त्यांची एक उलटी पडलेली मी आत येतानाच पाहिली होती. डबा आज भंगारात दिला. पण नवरा, ज्याला सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, घरी आला की मी अजूनही आधी त्याच्या चपला बघते.