हे धुणार कोण?

कोणतीही वस्तू हातात आली की मॅडम ती आधी उलटी करायच्या. मग उजव्या हाताची करंगळी एखाद्या खाचेत, कडेच्या वळणात, झाकणाच्या कोपऱ्यात घालून फिरवायच्या, करंगळीकडे नीट बघायच्या आणि म्हणायच्या, "छान आहे. हे धुणार कोण?"

साकीनाक्याच्या आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत त्यांना सगळे 'धुणार कोण मॅडम' म्हणायचे. अर्थात त्यांच्या पाठीमागे. त्यांना ते ठाऊक होतं. "निदान प्रश्न तरी लक्षात राहिला," एवढंच म्हणायच्या. त्यांचं खरं नाव मी लिहीत नाही. ज्यांनी त्यांना पाहिलंय ते ओळखतील, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना नावाने तरी काय कळणार?

मेट्रो तेव्हा नुकती सुरू झाली होती आणि मॅडम घाटकोपरहून मेट्रोनेच यायच्या. माझा स्टीलच्या वस्तूंचा गाळा होता. किसण्या, झारे, गाळणी असलं काहीबाही आम्ही बनवायचो. बाहेरून येणारा स्वस्त माल आमच्या बोकांडी बसला होता, आणि गाळेवाल्यांच्या संघटनेने ठरवलं की आता काहीतरी नवीन काढल्याशिवाय धडगत नाही. नवी वस्तू कशी सुचते, कशी घडवायची, बाजारात न्यायच्या आधी कशी तपासायची, हे शिकवायला मॅडमना बोलावलं. डिझाइनच्या कॉलेजातली नोकरी सोडून त्या असले वर्ग घेत होत्या. बोलणी एका वर्षाची होती. वर्गातून निघालेली एखादी वस्तू बाजारात चालली तर वर्ग कायमचा, नाहीतर नमस्कार.

मॅडमना तो वर्ग कायमचा हवा होता, पण आमच्यासाठी नव्हे. त्यांनी पहिल्याच दिवशी संघटनेच्या अध्यक्षांना सांगितलं होतं की पुढच्या वर्षी त्या खाली पत्रा दाबायच्या प्रेसवर आणि पॅकिंगला बसणाऱ्या माणसांचा वर्ग घेणार. "तुम्हाला शिकवणं ही माझी फी समजा," त्या म्हणाल्या. अध्यक्ष हसले आणि हो म्हणाले. वर्ष संपेपर्यंत कोण कशाला हरकत घेतोय?

वर्ग कॅन्टीनच्या वरच्या हॉलमध्ये भरायचा. जेवण फुकट होतं म्हणून पहिल्या दिवशी हजेरी भरपूर होती. प्रत्येकाने आपण बनवतो ती वस्तू आणायची होती. मॅडमची करंगळी एकेका वस्तूतून फिरत फिरत इलेक्ट्रिकच्या बटणांचे बोर्ड बनवणाऱ्या एका गृहस्थांपर्यंत पोचली. त्यांनाही तोच प्रश्न. सगळा हॉल हसला. बोर्ड कोण धुतं, मॅडम?

"दिवाळीच्या आधी घरात ओला फडका फिरतो की नाही?" त्यांनी विचारलं. "तो तुमच्या बोर्डाला वगळून जातो का?"

गृहस्थांनी बोर्ड उचलून पिशवीत घातला. पुढच्या आठवड्यात त्यांनी फटी झाकलेला बोर्ड करून आणला. तो माणूस आमच्यात सगळ्यात जास्त हसला होता.

एकदा त्यांनी घरचा अभ्यास दिला. आपण बनवलेली वस्तू आठवडाभर स्वतः वापरायची आणि स्वतः घासायची. आठवड्याने सगळ्यांनी माना डोलावल्या. केलं, मॅडम, केलं. त्यांनी वाद घातला नाही. फक्त विचारलं, "तुमच्या घरी भांडी घासायचा साबण कुठल्या रंगाचा आहे?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. एकजण धीर करून म्हणाला, निळा. मॅडम म्हणाल्या, घरी फोन लावा, स्पीकरवर. पलीकडून त्याची बायको म्हणाली, "हिरवा. का हो? तब्येत बरी आहे ना तुमची?"

मलाही रंग माहीत नव्हता. मी मान खाली घालून पेन शोधत होतो.

त्यांच्या या प्रश्नामागे काय आहे याचे आमच्यात बरेच तर्क चालायचे. चहाच्या वेळी अध्यक्षांनी एकदा फार सहानुभूतीच्या सुरात विचारलं, आई लोकांकडे भांडी घासायची का हो तुमची? मॅडमचे वडील वाशीमकडून आलेले, घर बौद्ध, राहणं घाटकोपरच्या चाळीत, एवढ्यावरून अध्यक्षांनी आपलं चित्र पुरं करून टाकलं होतं. मॅडमनी चहाचा घोट घेतला.

"आई पोस्टात होती," त्या म्हणाल्या. "भांडी बाबा घासायचे. आणि घासताना भांडं बनवणाऱ्याला शिव्या घालायचे. 'ह्या कोपऱ्यात स्वतःची करंगळी घालून बघ म्हणावं एकदा.' मी डिझाइन तिथं शिकले. कॉलेजात नंतर गेले."

अध्यक्षांनी लगेच बिस्किटांची बशी पुढे केली.

मला मॅडम आवडायच्या. माझ्या बायकोला, मंदाला, त्या माझ्याहून जास्त आवडायच्या. एका रविवारी मी त्यांना मुलुंडला आमच्या घरी जेवायला बोलावलं. मी बैठकीत पंखा लावून वाट बघत बसलो आणि त्या थेट स्वयंपाकघरात शिरल्या. मंदा जमिनीवर विळी घेऊन नारळ खवत होती. मॅडम तिच्यासमोर मांडी घालून बसल्या आणि विचारलं, "वहिनी, यात अडतं कुठं?"

"गुडघ्यात," मंदा म्हणाली. "बसाक जमता, उठाक जमना नाय."

आमची वस्तू तिथे जन्मली. ओट्याशी उभं राहून खवता येईल, खोबरं इकडेतिकडे न उडता खालच्या डब्यात पडेल आणि काम झालं की पातं मिटून आत जाईल अशी खवणी. मॅडमनी जेवणाच्या टेबलावर, बोंबलाच्या काट्यांशेजारी, तिचं पहिलं चित्र काढलं. पुढे कित्येक महिने त्या, मी आणि आमच्या प्रेसवरचा रघुनाथ नमुने करत होतो. मॅडम रघुनाथला 'रघुनाथराव' म्हणायच्या. दोनदा तर त्याने लाजून हातोडी खाली पाडली.

शेवटचा नमुना तयार झाला तेव्हा गणपती दोन-अडीच महिन्यांवर आले होते. मॅडमनी मला बजावून सांगितलं, डाय, म्हणजे पक्का साचा, बनवायच्या आधी नमुने घराघरांत वापरायला द्या. "पण ज्यांच्या घरात तुमचा पगार जातो, त्यांना देऊ नका. ते खरं बोलणार नाहीत. आणि त्यात त्यांची काही चूक नाही." मुलुंडला अनोळखी सोसायट्यांत जा, वर्सोव्याला कोळीवाड्यात जा, तिथल्या बायका तोंडावर सांगतील. त्या स्वतः यायला तयार होत्या. मी म्हणालो, एवढं मी बघतो.

मी नमुने माझ्या कामगारांच्या हातात दिले. मोदकांच्या दिवसांत खवणी दुकानात नसेल तर मग कधी असणार, हेच डोक्यात होतं. वर्सोव्याला जाऊन अनोळखी दारं वाजवायला मला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटत होती. मालकाने कोणाच्या दारात उभं राहून 'ही वापरून बघता का' म्हणायचं? आठवड्याने मी विचारलं तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं, "एकदम झकास, शेठ." रघुनाथसुद्धा हेच म्हणाला. मॅडमना मी फोनवर कळवलं, चाचणी झाली, सगळे खूश आहेत.

एक नमुना घरीही होता. मंदाने दोन दिवस वापरला आणि मला म्हणाली, "अहो, हेच्या कोपऱ्यात खोबरा रवता. सकाळी वास येता."

मी म्हणालो, "जरा नीट धूत जा ना."

हे वाक्य मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

खवण्या गणपतीआधी झपाट्याने खपल्या आणि गणपतीनंतर झपाट्याने परत आल्या. पातं मिटतं त्या बिजागरीच्या मागे एक अरुंद कोपरा राहिला होता. तिथे अडकलेलं खोबरं दुसऱ्या दिवशी आंबायचं. दुकानदारांनी खोकी माझ्या गाळ्याच्या दारात आणून टाकली, आणि त्या वासाने शेजारचा गाळेवाला भांडायला आला.

संघटनेची बैठक झाली. अध्यक्षांनी मॅडमना सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्ही दुनियेला विचारता धुणार कोण, आणि तुमचीच वस्तू धुता येत नाही? चाचणी झाली होती की नाही?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वर्गात एखाद्याला उत्तर येतं हे ठाऊक असलं की शिक्षक जसे बघतात, तसं. मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं लेबल वाचत होतो. बराच वेळ वाचत होतो.

मग त्या म्हणाल्या, "चाचणी हा माझ्या वर्गाचा भाग होता. मी स्वतः हजर राहायला हवं होतं. चूक माझी."

वर्ग बंद झाला. प्रेसवरच्या आणि पॅकिंगच्या माणसांचा वर्ग सुरूच झाला नाही. रघुनाथने त्यासाठी नवी वही आणून ठेवली होती. ती पुढे हजेरीला वापरली गेली.

जिन्याने उतरताना मी त्यांना गाठलं.  त्याच म्हणाल्या, "काल मी रघुनाथरावांच्या घरी गेले होते. खवणी कपाटावर आहे. प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. शेठनी दिलेली वस्तू आहे, चांगली जपून ठेवलीय, म्हणाल्या त्यांच्या मिसेस."

म्हणजे बैठकीला येताना त्यांना सगळं माहीत होतं.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते," त्या म्हणाल्या, आणि मेट्रोच्या रस्त्याला लागल्या.

यानंतर त्यांनी माझं तोंड पुन्हा पाहिलं नसतं तरी मी समजू शकलो असतो. पण महिनाभराने त्या गाळ्यावर आल्या. पिशवीतून एक जुना टूथब्रश आणि एक कागद काढला. टूथब्रश टेबलावर ठेवून म्हणाल्या, ज्या वस्तूला हा लागतो ती वस्तू अजून पुरी झालेली नाही. कागदावर बिजागरीचं नवं चित्र होतं. कोपरा गोल केलेला आणि पातं पूर्ण सुटं होणारं. मी पैशांचं काढल्यावर हात हलवून विषय संपवला. वहिनींना विचारा, रघुनाथरावांना विचारा, पण त्यांच्या उत्तरासाठी जरा थांबा, एवढंच सांगून गेल्या.

ती दुसरी खवणी चालली. चांगली चालली. तिच्यावर माझा गाळा तगला, मुलीचं लग्न झालं. संघटनेने मला शाल दिली, आणि अपयशातून उभं कसं राहावं यावर मी छोटंसं भाषणही केलं. भाषणात मॅडमचं नाव नव्हतं. त्या दिवशी मंदा घरी आल्यावर शाल घडी करत म्हणाली, "मॅडमका बोलवूक होया होता." मी म्हणालो, राहिलं खरं.

नंतर मॅडम कुठे कुठे शिकवत राहिल्या. अंधेरीला, बोरिवलीला, एकदा खारदांड्याला मासे सुकवणाऱ्या बायकांच्या गटाला. तिथल्या बायकांनी मासे सुकवायच्या ट्रेमध्ये मॅडमच्या आधी स्वतःची करंगळी घातली, हे त्यांनी मला फोनवर फार आनंदाने सांगितलं. दर गणपतीला त्यांचा मंदाला फोन यायचा. माझ्याशी बोलायच्या, पण त्या बैठकीबद्दल कधी नाही. मीही कधी काढलं नाही. पुढच्या वर्षी बोलू, असं वाटायचं.

यंदा फोन आला नाही. संघटनेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं की त्या आजारी होत्या आणि गेल्या. खाली हात जोडलेली चित्रं आली. मग कोणीतरी लिहिलं, 'खवणीवाल्या ना? आमच्या मित्राची पहिली खवणी बुडवली होती त्यांनी.' त्याखाली दोघातिघांची हसरी तोंडं. सगळ्यात शेवटी एकाने लिहिलं, 'पण होत्या मजेशीर.'

मी सगळे मेसेज पुन्हा वाचले. मग टाइप केलं, 'पहिली खवणी मी बुडवली. चाचणी मी केली नव्हती. त्यांनी माझ्यासाठी ऐकून घेतलं.' पाठवून दिलं. एकाने अंगठा दाखवला. पुढचा मेसेज कोणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचा होता.

म्हणून हे सविस्तर लिहिलं. ग्रुपवर वाचलं नसेल त्यांनी इथे वाचावं. रघुनाथ आता गावी असतो. मी त्याला फोन करून सांगितलं तर म्हणाला, "आम्हाला माहीत होतं, शेठ." मग म्हणाला, "वास येतो हेही माहीत होतं. शेजारणीकडची वापरून बघितली होती."

मंदाच्या बोटांचे सांधे आता धरलेत, त्यामुळे घरची भांडी मी घासतो. आमचा साबण हिरवा आहे. ती बातमी कळली त्या दिवशी मी परत आलेल्या मालातली एक जुनी खवणी माळ्यावरून काढली. नवी चांगली असताना ही कशाला, मंदाने विचारलं. म्हटलं, बघतो वापरून.

तेव्हापासून तीच वापरतो. नारळ खवून झाला की नळाखाली धरतो, ब्रश फिरवतो, पुन्हा धुतो. मंदा बाहेरून विचारते, झाला काय? मी खवणी उलटी करतो आणि बिजागरीमागच्या कोपऱ्यात करंगळी घालतो. बाहेर काढून बघतो. टोकाला खोबरं लागलेलं असतं.

"नाय झाला," मी म्हणतो, आणि पुन्हा नळ सोडतो.