सूर्यभानच्या छातीची सोनोग्राफी

माझा धाकटा भाऊ सूर्यभान. हट्टी म्हंजी किती हट्टी! मिरजगावच्या आसपास पिठाच्या गिरणीचे दगड गुळगुळीत झाले, की टाकीनं ठोकून पुन्हा खरखरीत करायचं त्याचं काम. दोन घाव घातले की तोंडानं फू करून भुकटी उडवायची. “आरं, फडक्यानं झटक!” सांगून सांगून माझा घसा बसला. “आक्का, फडक्यानं रेघ नीट दिसत न्हाई,” म्हनायचा. आता ती उडवल्याली भुकटी जाती कुठं? त्याच्याच नाकात!

खोकला लागला तसा सगळ्यांनी टीबी ठरवला. गोळ्या झाल्या, फरक न्हाई. पुन्हा गोळ्या, पुन्हा न्हाई. शहाण्णव साली त्याची लेक भारती बाळंतपनाला आली, पोरगी झाली, आन् हा बाबा गोठ्यात जाऊन झोपाया लागला. बारसं बी दारातनंच बघितलं. “माझा आजार लेकराला नको.” आरं, आजा हायेस का पाव्हना? नातीला घ्यायला जीव तुटायचा त्याचा, पन जवळ येईल तर शपथ.

शेवटी नगरचे एक डॉक्टर म्हनले, छातीत पानी झालंय का ते सोनोग्राफी करून बघू. भारतीनं बापाला शिकवलं, “आबा, लई पानी प्यायचं आन् लघवी दाबून धरायची.” पोटुशी असताना तिची सोनोग्राफी तशीच केली हुती ना! हा शहाना तांब्यावर तांब्या प्याला. नगरपतुर एस्टीत मांडीला मांडी आवळून बसला. वाटंत गाडी थांबली तरी उतरंना. “मशीनला दिसायचं न्हाई, आक्का.” डॉक्टरांना हसू आवरंना. “अहो बाबा, ते पोटाच्या तपासणीला!” मी कपाळावर हात मारला. गडी आधी मुतारीकडं पळाला, मग टेबलावर चढला.

छातीला थंडगार जेल फासून मशीन फिरवलं. पानी न्हवतं. फुप्फुसाची कड तेवढी जाड, खडबडीत दिसली.

“आत हवा असते, त्यामुळे किती खराब झालंय ते या मशीनवर कळत नाही,” डॉक्टर म्हनले. “पण एक्स-रे बघितला, तुमचं काम ऐकलं, आणि थुंकीत एकदाही जंतू सापडले नाहीत. हा टीबी नाही, बाबा. दगडाच्या भुकटीनं फुप्फुसांवर वण पडलेत. ते भरून येत नाहीत. टाकी आजपासून बंद.”

दुसरा कुनी असता तर इचारलं असतं, किती दिस ऱ्हायलेत? ह्यानं इचारलं, “मंग नातीला घेतली तर चालंल?”

“चालेल की!”

वाटंभर गडी खुशीत, आन् माझं डोकं नुसतं तापल्यालं. त्या टाकीवर, त्या गोळ्यांवर, त्या गोठ्यातल्या झोपन्यावर. पोरगी कवाच मांडीवर खेळवली असती की रं!

घरी आल्या आल्या त्यानं अंघोळ केली आन् भारतीच्या हातातनं पोरगी घेतली. “चल, तुला रस्त्यावरच्या गाड्या दावतो,” म्हनत निघाला. उंबऱ्यापतुर गेला आन् भिताडाला टेकला. ओठ निळे पडले.

“आक्का, धर हिला. पडंल माझ्या हातनं.”

मी पोरगी घेतली. “मेल्या, बस आधी खाली!” तो बसला, दम खाल्ला. मंग मी तिला परत त्याच्या मांडीवर ठिवली.